ताटातली डाळ कुठं गेली?

शाकाहारी माणसाचं वजन आटोक्यात राहतं, असं आपल्याकडं इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की त्यावर कुणी उलट प्रश्न करत नाही. पण लातूर, परभणी, नांदेडमधल्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर बसलेली माणसं पाहा. पोट सुटलेलं, शुगरची गोळी सुरू झालेली, जिने चढताना धाप लागणारी. त्यांतले कितीतरी जन्मापासून शाकाहारी असतात. कुणी माळकरी, कुणी लिंगायत, कुणी जैन, कुणी महानुभाव. "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही डॉक्टर, मग हे मला कसं झालं?" हा त्यांचा प्रश्न खरा आहे. 'चालत जा, तेलकट खाऊ नका' एवढं सांगून त्यांना वाटेला लावणं बरं नव्हे.

माझं उत्तर असं आहे. मराठवाड्यात माणूस शाकाहारी आहे की मांसाहारी, यावरून त्याच्या वजनाबद्दल फारसं काही कळत नाही. ताटात डाळ, शेंगा, पालेभाजी किती आणि पोळी, भात, साखर, तेल किती, यावरून कळतं. गेल्या दोन पिढ्यांत आपल्या शाकाहारी ताटातून डाळ आणि भाजी मागं सरली, पीठ आणि साखर पुढं आली. हे आपोआप घडलेलं नाही. शेतात काय पेरलं जातं, रेशनवर काय मिळतं, शाळेत मुलांना काय वाढलं जातं, यांतून ते घडलं आहे. म्हणून हा प्रश्न एकेका माणसाच्या जिभेवर ढकलून देता येणार नाही.

शाकाहारानं वजन उतरतं याला पुरावा नाही, असं मला म्हणायचं नाही. पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साठ हजारांवर लोकांची पाहणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत दूधही न घेणाऱ्या व्हेगन लोकांचा सरासरी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २३.६ निघाला. दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचा २५.७ आणि मांसाहाऱ्यांचा २८.८. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड पाहणीत फरक लहान होता, पण व्हेगन तिथंही सगळ्यांत हलके आणि मांसाहारी सगळ्यांत जड होते. बारा प्रयोगांचा एकत्रित हिशोब २०१६ साली मांडला गेला; त्यात शाकाहारावर ठेवलेल्या लोकांचं वजन इतरांपेक्षा सरासरी दोन किलोंनी जास्त उतरलं.

असं का होतं, हेही बऱ्यापैकी कळलेलं आहे. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांनी वीस जणांना संशोधन केंद्रात मुक्कामी ठेवलं. दोन आठवडे कमी चरबीचा वनस्पतिजन्य आहार आणि दोन आठवडे मांस, अंडी, लोणी यांचा अगदी कमी पिठूळ आहार, दोन्ही वेळा पोटभर. वनस्पतिजन्य आहारावर तीच माणसं दिवसाला जवळजवळ ७०० कॅलरी कमी खात होती, आणि भूक राहिल्याची तक्रार नव्हती. भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं यांत पाणी आणि तंतू भरपूर असतात. पोट लवकर भरतं, कॅलरी कमी जातात. याच हॉल यांच्या त्याआधीच्या, २०१९ च्या प्रयोगात कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद पदार्थ खाणारी माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोनं वाढलं. हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. बिस्किटं, टोस्ट, खारी, शेव, चिप्स यांच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. आत मांस, मासे, अंडं नाही, एवढंच तो ठिपका सांगतो. साखर किती, पामतेल किती, मैदा किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडं मात्र हिरवा ठिपका पाहून आई निर्धास्तपणे पोराच्या हातात पुडा देते.

आता भारताचे आकडे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या दीड लाखाहून अधिक प्रौढांच्या माहितीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मासे खाणारे पण मांस न खाणारे, त्यांचा बीएमआय सगळ्यांत कमी, २०.३. व्हेगन २०.५. आणि सगळ्यांत जास्त कुणाचा? दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचा, २१.२. अमेरिकेतली उतरंड भारतात उलटीपालटी होते. दूध घेणारा शाकाहारी तिथं मांसाहाऱ्यापेक्षा बराच हलका, आणि इथं मात्र सगळ्यांत जड.

कारण तिथला शाकाहारी आणि इथला शाकाहारी ही दोन वेगळी माणसं आहेत. तिथं शाकाहार बहुतेकांनी समजून-उमजून घेतलेला असतो. ताटातलं मांस काढून त्यांनी राजमा, चणे, कोशिंबिरी, बदाम-अक्रोड घेतले. ॲडव्हेंटिस्ट तर दारू-सिगारेटपासूनही दूर राहतात. इथं शाकाहार जन्मानं मिळतो, आणि ज्या घरांना तो मिळाला त्यांतल्या अनेकांकडं जमीन, दुकान, नोकरी, म्हणजे बसून करायचं काम आणि डब्यात तूपही आहे. उलट इथला मांसाहारी म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी पावशेर-अर्धा किलो आणून सहा जणांत वाटून खाणारा. उरलेले सहा दिवस त्याच्या ताटात शेजारच्या माळकऱ्याच्या ताटात असतं तेच असतं, बहुधा त्याहून कमीच. या दोघांच्या वजनातला फरक मटणावरून समजावून सांगणं चुकीचं आहे.

आणि त्या पाहणीतले हलके व्हेगन कोण असतील, याचा विचार मराठवाड्यातल्या माणसाला अस्वस्थ केल्याशिवाय राहू नये. दूध, अंडी, मांस काहीही न खाणारा माणूस आपल्याकडं शोधायचा तर शहरातल्या महागड्या दुकानात बदामाचं दूध मागणारा सापडेल एखादा. पण त्याच्या कितीतरी पट माणसं बीड, धारूर, केज, गेवराईच्या गावांतून दर वर्षी दिवाळीच्या आसपास उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पहाटे कोप्यावर थापलेली भाकरी, मिरचीचा ठेचा, कोरा चहा. दुपारी तीच भाकरी फडात. दूध असेल तर ते लेकराला. हा नाइलाजाचा शाकाहार आहे, आणि त्यांचं हलकं वजन हे आरोग्याचं लक्षण नाही. दिवसभर मोळ्या वाहून, पुरेशी डाळही न मिळता झिजलेल्या शरीराचं ते वजन आहे. 'पाहा, वनस्पतिजन्य आहार घेणारे किती सडपातळ' असं म्हणताना या बायाबापड्या त्या सरासरीत मोजलेल्या असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट अशी की आपल्याकडं वजनकाटा पुरेसं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की आपली बाळं जन्मतःच वजनानं कमी, सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधली साडेतीन किलो. पण कमी पडतात ते मुख्यतः स्नायू. त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून असते. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली आहे, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. काट्यावर साठ किलो भरणारा आपला सडपातळ शिक्षक किंवा कारकून आतून चरबीनं भरलेला असू शकतो. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या देशव्यापी पाहणीत पोटावरची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांत आढळली, तर एकूण स्थूलता २८.६ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपल्याकडचे असंख्य शाकाहारी बसलेले आहेत.

स्नायू बनायला प्रथिनं लागतात. आयसीएमआरच्या हिशोबानं किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. आता एका वेळचं साधं वरण घ्या. पाहुणा आला की पाणी वाढवलेलं. एका वाटीत कोरडी डाळ पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चारेक ग्रॅम. चार पोळ्यांची मिळून बारा-तेरा. बाकीचं पोट भात भरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या ताटासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्यातला काही भाग अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलीलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-बिया आणि २७ ग्रॅम तेल सांगितलं आहे. आपल्या घरात ८५ ग्रॅम डाळ माणशी शिजते का, हे ज्यानं त्यानं स्वयंपाकघरात तराजू लावून पाहावं. देशभरात कॅलरींपैकी ६२ टक्के पिठूळ पदार्थांतून येतात आणि त्यांतला बराच वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा असतो.

घरातल्या बाईच्या वाट्याला तर हे आणखी कमी येतं. ती शेवटी जेवते. तोवर पातेल्यात पातळ पाणी उरतं, भाजीचा रस्सा उरतो, आणि भाकरी-भात मात्र पोटभर असतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्त कमी आहे असं २०१९-२१ च्या सर्वेक्षणानं सांगितलं. त्याच बायकांतल्या कित्येकींचं चाळिशीनंतर वजन वाढतं. रक्त कमी आणि कंबर मोठी, हे एकाच बाईत दिसलं तर नवल वाटायला नको. दोन्हीचं मूळ एकच, कॅलरी पुरेशा आणि पोषण अपुरं.

आपलं ताट नेहमीच असं नव्हतं. दुष्काळाच्या खाईत ते रिकामंही होतं, त्याचे गोडवे मला गायचे नाहीत. १९७२ मध्ये मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसं अजून आपल्यात आहेत. पण बऱ्या दिवसांत त्या ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचं किंवा हुलग्याचं कोरड्यास, येसराची आमटी, मटकीच्या घुगऱ्या, रानातून खुडून आणलेली तांदुळजा, घोळ, पाथरी, अंबाडी, आणि जवसाची नाहीतर कारळाची चटणी असायची. वरून करडईचं तेल. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला शेतात जे जेवण होतं ते आठवा. तूर, वाटाणा, हरभरा, वाल यांचे ओले दाणे आणि मेथी-पालक घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली ज्वारीची आंबील. हॉल यांनी संशोधन केंद्रात जे वाढलं त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे. आपण ते वर्षातून एका दिवसापुरतं ठेवलं.

ज्वारीत जादू नाही, हेही सांगायला हवं. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात आणि तेवढ्याच गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्या असतात. फरक पडतो तो भाकरीला तेल लागत नाही म्हणून, आणि भाकरीबरोबर डाळ-भाजी घट्ट लागते म्हणून. पोळी चहाबरोबरही खपते, साखर-तुपाबरोबरही. चहाचंच घ्या. दिवसात सहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे ६० ग्रॅम साखर आणि २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना २००० कॅलरींच्या आहारात साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर २५ च्या आत. गावात पाहुणा दहा घरी जातो आणि दहा ठिकाणी 'घोटभर' घेतो.

उपवासाबद्दल लिहिलं की लोक दुखावतात, तरी लिहिते. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, एकनाथांचं पैठण ज्या भूमीत आहे तिथं एकादशीचं मोल मला ठाऊक आहे. माझ्या घरातही माळ आहे. पण साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसतं. शंभर ग्रॅम साबुदाणा, त्यात दाण्याचं कूट, बटाटा आणि तूप धरलं तर एका ताटलीत सहज ६०० कॅलरी जातात आणि प्रथिनं येतात ती फक्त दाण्यांची. भगर, दाण्याची आमटी, ताक, राजगिरा आणि एखादं फळ यावर तोच उपवास होतो, पंढरीनाथाला काही कमी पडत नाही.

मराठी घरांत काही वर्षांपूर्वी जेवणावरून मोठी चर्चा झाली. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवा म्हणत होते, आणि त्यांच्या विरोधात थोड्या थोड्या वेळानं खा म्हणणारे होते. दीक्षितांनी सामान्य माणसाला बिनखर्चाची गोष्ट सांगितली आणि हजारोंनी ती पाळली, याबद्दल मला आदर आहे. चहा-बिस्किटाची मधली फेरी सुटली हा त्याचा मोठाच फायदा. पण त्या सगळ्या वादात 'कधी खायचं' यावर रान पेटलं आणि 'काय खायचं' हे मागं पडलं. दोन वेळा जेवणाऱ्याच्या ताटातही डाळ पातळच राहिली.

पूर्ण व्हेगन होऊ पाहणाऱ्या तरुणांना एवढंच सांगणं की जनावरांबद्दलची तुमची करुणा खरी आहे, पण बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा. ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्यांतही त्याची कमतरता सर्रास आहे, आणि याज्ञिकांच्याच अभ्यासात गर्भारपणी बी-१२ कमी व फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्व जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

आता सार्वजनिक बाजू. मराठवाड्यातली खरिपाची ज्वारी सोयाबीननं गिळली. शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. ज्वारीला भाव नव्हता, काढणीला माणसं नव्हती, पाखरं राखायला पोरं नव्हती. सोयाबीनला रोख पैसे मिळाले. पण सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, आणि ती पेंडेच्या रूपानं कोंबड्यांकडं आणि परदेशात जातात. आपल्याकडं परत येतं ते तेल. डाळमिलांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या लातूरच्या आसपासच्या खेड्यांत मजुराच्या घरी तूरडाळ पावशेरानं विकत आणली जाते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं होतं. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत आहे. पण रेशनच्या पिशवीत वर्षानुवर्षं आला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. चांगली मालदांडी ज्वारी बाजारात गव्हापेक्षा महाग, आणि गहू फुकट, अशा स्थितीत कुणी भाकरी थापत राहील ही अपेक्षा करणं चूक आहे. दिवाळी २०२२ पासून शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला गेला. रवा, साखर, हरभरा डाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. सणाला गोड व्हावं हा हेतू चांगला, आणि डाळ होती हेही खरं. तरी चारांतल्या तीन वस्तू याच वजन वाढवणाऱ्या ताटाच्या होत्या.

आणि शाळा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय घेतला, न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा निधी थांबला आणि लोकसहभागातून सोय करा असं शाळांना सांगण्यात आलं. शाकाहारी घरातली बाई म्हणून मी हे स्पष्ट लिहिते: ज्या लेकरांच्या घरी अंडं चालतं त्यांच्या तोंडचं ते काढणं चुकीचं होतं. माझ्या श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या मुलाच्या हाडामांसाची किंमत लावता येणार नाही. आणि ज्यांना अंडं नको त्यांचं काय? केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, अंड्यात सहा. पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतही सहा ग्रॅम मिळतात. शाकाहारी मुलाला केळं देऊन गप्प बसवलं गेलं आणि आपण त्यावर समाधान मानलं. त्याला भाजलेले दाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी, घट्ट वरण मिळावं असा आग्रह शाकाहारी पालकांनीच धरायला हवा होता.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साथीनं तयार झालेली, जास्त लोह आणि जस्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ मध्ये आली. बदनापूरच्या केंद्रातले तुरीचे वाण शेतकऱ्यांच्या हातात आहेत. भरडधान्याचं कलम कायद्यात आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत रब्बी ज्वारी हमीभावानं घेऊन त्याच जिल्ह्याच्या रेशन दुकानांत द्यावी, प्रत्येक कार्डावर माणशी महिन्याला एक किलो डाळ असावी, आणि शाळेच्या भातावरची डाळ मापून वाढावी. या तीन मागण्या प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात यायला हव्यात, माळकऱ्यांच्याही आणि मांसाहाऱ्यांच्याही सहीनं.